तीन रंगांचा वीर

आमच्या घरीं गेल्या महिन्यांत एक शस्त्रक्रिया झाली. तिला लागणारें हत्यार मींच पुरविलें असल्यामुळें तिची हकीकत वाचकांस सांगण्याचें कामही माझ्याकडेच येतें. रोगी म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर उंचीचा प्लॅस्टिकचा एक शिपाई, आणि शल्यवैद्य माझा तेरा वर्षांचा पुतण्या.

ह्या शिपायाचें कुळ मोठें आहे. अमेरिकेंतील हास्ब्रो कंपनीनें १९६४ सालीं ‘जी. आय. जो’ नांवाचा सैनिक बाजारांत आणला. त्याला बाहुली म्हटलें तर मुलगे हात लावणार नाहींत, ह्या धास्तीनें तिनें ‘अ‍ॅक्शन फिगर’ असें भारदस्त नांव काढलें. (आमच्या मातोश्री त्याला आजतागायत भावलीच म्हणतात, आणि शास्त्रार्थ पाहतां त्यांचेंच खरें आहे.) पहिला जो बारा इंचांचा होता, १९८२ पासून पावणेचार इंचांचा निघूं लागला. हाच धाकटा जो पुढें फनस्कूल कंपनीनें भारतांत काढला, आणि १९९१ सालीं, पांचवींत पहिला नंबर आला म्हणून, आमच्या तीर्थरूपांनीं तो दादांना आणून दिला. तीर्थरूप आतां नाहींत.

त्याची रचना मोठी युक्तीची आहे. पाठींत एकच स्क्रू. तो काढला कीं छातीचे दोन भाग सुटे होतात. डोकें व हात त्या दोहोंमध्यें नुसते दाबून बसविलेले असतात, आणि पाय एका लहानशा रबरी कडीनें वर ओढून धरलेले असतात. सारें अंग त्या कडीच्या जिवावर! तीस वर्षांत रबर कुजतें, कडी तुटते आणि शिपाई कंबरेंत दुभंगतो. दादांचा शिपाई असा दोन तुकड्यांत पत्र्याच्या एका डब्यांत, जुन्या पासबुकांखालीं पडून होता. तेथें तो पुतण्यास सांपडला, आणि त्याचा मारिओ करावयाचें त्यानें ठरविलें.

दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील खेळांचा हा जुना वीर ठाऊक नाहीं असें मूल आज विरळा. पण त्याच्या वेषाची कथा वडील माणसांनाही ऐकण्यासारखी आहे. त्याचा जन्म १९८१ सालीं जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘डाँकी काँग’ ह्या खेळांत झाला. त्याचे जनक शिगेरु मियामोतो यांना त्याच्यासाठीं पडद्यावर सोळा ठिपके रुंद व सोळा ठिपके उंच एवढीच जागा होती. इतक्या जागेंत केस नीट काढतां येईनात, म्हणून डोक्यावर टोपी आली. तोंड काढावयास ठिपके उरेनात, म्हणून मोठें नाक आणि त्याखालीं मिशी आली. हात हालतांना ते अंगाहून निराळे दिसावेत म्हणून सदऱ्यावर खांदेपट्ट्यांची विजार आली. हिलाच मुलें डंगरी म्हणतात. त्या खेळांत तो सुतार होता. १९८३ च्या ‘मारिओ ब्रदर्स’मध्यें नळकारागीर झाला. म्हणजे ज्या वेषावरून त्याला जग ओळखतें तो कोणी हौसेनें शिवलेला नाहीं. ओढगस्तीच्या संसारांत गृहिणी उरल्यासुरल्याची जशी नवी चीज करते, तशांतला तो प्रकार आहे.

मारिओ ठेंगू, आणि शिपाई सडपातळ व उंच. तेव्हां पुतण्यानें मला विचारलें, “काका, बारीक पात्याची करवत आहे का?” मीं ती दिली. काय कापावयाचें आहे हें विचारलें. कोणाचें कापावयाचें आहे हें विचारलें नाहीं. दोन्ही नडग्यांतून सेंटिमीटरभर तुकडा निघाला, आणि मीं त्याच्या हाताच्या सफाईचें कौतुकही केलें!

सायंकाळीं दादा कचेरींतून आले.

“हा कोठून काढलास?”

“डब्यांतून. मोडलेलाच होता, बाबा.”

“मोडला नव्हता. कडी तुटली होती.”

एवढेंच बोलून त्यांनीं ते दोन तुकडे टेबलावरून उचलले व सदऱ्याच्या खिशांत घातले. रात्रीं पानावर कोणी बोललें नाहीं. खेळणें कोणीं दिलेलें होतें तें मातोश्रींनीं हळूच सांगितलें, तेव्हां पुतण्या भात तसाच टाकून उठला.

माझें मत विचाराल तर ह्यांत मुलाहून माझा दोष अधिक. ह्या कलेंत केलेलें बहुतेक परत फिरवितां येतें. रंग खरवडतां येतो, चढविलेला लांबीचा थर खपलीसारखा काढतां येतो. कापलेलें मात्र कापलेलेंच राहतें. म्हणून बाजारांतला एखादा स्वस्त, कोणाचाही जीव न गुंतलेला पुतळा आधीं घ्यावा, हें मला त्याला सांगतां आलें असतें.

चार दिवस शिपाई तसाच पडून होता. पांचव्या दिवशीं दादा म्हणाले, “आतां कापलाच आहेस, तर अर्धवट टाकूं नकोस.” मग नडगीचे दोन्ही भाग बारीक भोकें पाडून, मध्यें टाचणीचा तुकडा घालून जोडले गेले. पोट, टोपी आणि नाक ह्यांसाठीं एम-सील आणलें, नळ गळूं लागला कीं घरोघर लावतात तेंच. त्याचे दोन भाग सम प्रमाणांत मळून एकजीव करावे लागतात, आणि तें आळूं लागण्याच्या आंत आकार द्यावा लागतो; बोट पाण्यांत बुडवून फिरविलें कीं पृष्ठभाग गुळगुळीत होतो. मिशी तीनदां बिघडली. चौथ्यांदा मातोश्रींनीं करंजीची मुरड घालावी तशी ती दोन बोटांनीं वळून दिली, आणि ती मात्र साधली. रात्रभर सुकल्यावर पॉलिशपेपर ओला करून घांसलें, म्हणजे भुकटी नाकांत जात नाहीं.

रंगांच्या वेळीं पुन्हां अडलें. पुतण्यानें तांबडा सदरा व निळी डंगरी अशी तयारी मांडली होती. दादा जवळ येऊन उभे राहिले.

“हा कोण?”

“मारिओ.”

“आमचा असा नव्हता.”

दादांचा मारिओ म्हणजे १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधला. हा खेळ निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रावरचा. आपल्याकडे तें यंत्र बहुशः नकलांच्या रूपानें आलें, आणि तसल्याच एका नकलेवर दादा मित्राच्या घरीं सुटीभर खेळले. त्या यंत्रावर अशा हालत्या आकृतीस एका वेळीं तीनच रंग देतां येत. म्हणून टोपी व डंगरी तांबडी. केस, मिशी, सदरा व बूट ह्या सर्वांस मिळून एक शेवाळी तपकिरी. आणि चेहरा, हात व गुंड्या ह्यांस एक नारिंगी. (त्याच खेळांतील ढग आणि झुडुपें हीं एकच चित्र रंग पालटून दोनदां वापरलेलीं आहेत, हें दादांना इतक्या वर्षांनीं मुलाकडून कळलें.)

“केस आणि सदरा एकाच रंगाचे? लोक म्हणतील, ह्याच्याकडचे रंग संपले.”

“संपलेच होते. तरी आम्ही त्याला खोलीच्या दुसऱ्या टोंकावरून ओळखत होतों.”

पुतण्यानें निळी बाटली मिटली. सुटे अवयव साबणानें धुवून, पातळ ॲक्रिलिकचे तीन-तीन हात दिले. सांध्यांत मात्र रंग जाऊं दिला नाहीं, कारण तेथें जाड थर बसला तर पहिल्याच हालचालींत तो सोलून निघतो.

राहिली कडी. ती घेऊन खेळण्यांच्या दुकानांत कोण बसणार? दादा पुतण्याला बरोबर घेऊन नळाच्या सामानाच्या दुकानांत गेले. “कुठल्या नळाला बसवायची?” असें दुकानदारानें विचारलें, तेव्हां दादांनीं रुमालांत गुंडाळलेले दोन ठेंगणे पाय गल्ल्यावर ठेवले. त्यानें ते उलटसुलट करून पाहिले आणि तीन मापांच्या कड्या पुढें केल्या. घरीं येऊन दुसरी बसली, पाठीचा स्क्रू दादांनीं आवळला, आणि मारिओ सध्यां पुतण्याच्या अभ्यासाच्या टेबलावर उभा आहे. त्याच मापाच्या आणखी दोन कड्या आणून पत्र्याच्या डब्यांत, नडगीच्या त्या तुकड्यांशेजारीं ठेवल्या आहेत. रबर पुन्हां कुजणारच.