नर्मदेआधी हिशेब मांडा

माळव्याच्या कोरड्या शिवारांना नर्मदेचे पाणी आणण्यावाचून उपाय नाही, हे मागील अंकातील पत्रलेखकांचे मत मला मान्य नाही. 2014 मध्ये नर्मदेचे पाणी उपसून क्षिप्रेच्या उगमाशी, आपल्या जवळच्या उज्जैनी गावी, सोडले गेले. पण घाट चढवून आणलेल्या पाण्याला वीज लागते, आणि ते प्रत्येक विहिरीपर्यंत कसे पोहोचणार?

आपल्याकडे वर्षाला सुमारे 900 मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एका हेक्टरवर 90 लाख लिटर! अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावात याच्या निम्माही नाही. तरी तिथे पर्जन्यमापक आणि विहिरींची पातळी पाहून ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि रब्बीत काय पेरायचे ते ठरवते. ऊस-केळीला मनाई, शेतीसाठी बोअरवेललाही. हे बंधन मला फार मोलाचे वाटते, कारण आपल्याकडेही तिथल्यासारखाच काळा पाषाण आहे. पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते. खोल बोअर घेऊन ते वाढत नाही, शेजाऱ्याची विहीर मात्र आटते.

शिवाय उदाहरणासाठी अहिल्यानगर जिल्ह्यात जायलाही नको. शेजारच्या देवासमध्ये 2006 पासून शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या खर्चाने ‘रेवासागर’ तलाव खोदले आणि गव्हाला पाणी दिले. इंदूर जिल्ह्यातील ग्रामसभांनी यंदा गहू पेरण्यापूर्वी, ऑक्टोबरातच, विहिरींची पातळी मोजावी.

आपला,
एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर