पापलेटच्या भावाने दगड

बोईसरला राहणारा माझा पुतण्या मार्चमधल्या एका रविवारी भल्या सकाळी आमच्याकडे नवापूरला आला, तो हातात रिकामी बादली घेऊन. चहासुद्धा नंतर घेतो म्हणाला. "काका, ओहोटी किती वाजता लागते?" ही पहिली चौकशी. मला वाटले, कालवे काढायला मित्रमंडळी येणार असतील. पण स्वारीला हवे होते दगड. समुद्रातले, ओले, भोके पडलेले, शेवाळ लागलेले दगड. घरी त्याने दीडशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा फिशटँक आणला आहे, त्यात मांडायला.

"अरे, दगड तर रेल्वे स्टेशनच्या बाहेरही पडलेत," असे मी म्हणालो खरा, पण त्याने मुंबईच्या एका दुकानात ऐकलेला किलोचा भाव सांगितला आणि माझा चहा कपातच राहिला. आमच्याकडे बरा पापलेट ज्या भावाने जातो, त्याच भावाने दगड! त्यातही पापलेट खाता तरी येतो. त्याला पंधरा किलो दगड हवे होते. शिवाय दुकानदार म्हणे, बिलावर 'शोभेचा दगड' एवढेच लिहून देणार होता. पुतण्याला शंका आली ती तिथेच.

या दगडाला शौकिनांच्या भाषेत 'लाइव्ह रॉक' म्हणतात. दगड जिवंत कसा, असा प्रश्न कोणालाही पडेल. दगड जिवंत नसतोच. तो असतो मेलेल्या प्रवाळांचा चुनखडीचा सांगाडा, स्पंजासारखा सच्छिद्र. जिवंत असते ती त्याच्या आतली वस्ती. मासा पाण्यात घाण करतो, तिच्यातून अमोनिया तयार होतो आणि बंद काचेत तो अमोनिया माशालाच मारतो. दगडाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आत खोलवर, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथले दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. त्याखेरीज जांभळी शेवाळे, कृमी, नखाएवढे खेकडे असा सगळा गोतावळा फुकट येतो. थोडक्यात, हा दगड म्हणजे त्या टँकचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रच. हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

आता हा दगड महाग का झाला? पहिले कारण आपल्या कायद्यात आहे. २००१ साली केंद्र सरकारने खडकप्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे हे सारे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. म्हणजे वाघाच्या रांगेत. प्रवाळ जिवंत असो की मेलेला, तो बाळगणे आणि विकणे हा गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षांच्या तुरुंगवासाची. दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये कोणे एके काळी रामेश्वरहून आणलेले पांढरे 'समुद्रफूल' ठेवणाऱ्या किती कुटुंबांना हे ठाऊक असेल? दुकानदाराला मात्र ठाऊक होते. नाहीतर तो बिलावर नाव का चोरता?

दुसरे कारण जगात आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने आपल्या किनाऱ्यालगतच्या पाण्यातून असे दगड उचलायला १९८९ मध्येच बंदी केली. त्यापलीकडच्या संघराज्याच्या हद्दीतही १९९७ पासून ती लागू झाली. मग सगळी मागणी प्रशांत महासागरातल्या बेटांकडे वळली. फिजी हा त्यातला मोठा पुरवठादार. त्या देशाने २०१७ च्या अखेरीस प्रवाळ आणि लाइव्ह रॉक यांची निर्यात थांबवली. पाठोपाठ २०१८ मध्ये इंडोनेशियाने प्रवाळांची निर्यात बंद केली आणि २०२० मध्ये पुन्हा उघडली ती मुख्यतः शेती करून वाढवलेल्या प्रवाळांपुरती. एकेक दार लागत गेले की उरलेल्या दारातून येणाऱ्या मालाचा भाव चढतो आणि चोरवाटेच्या मालाचा तर कोणी सांगेल तो. यात आश्चर्य काही नाही.

या बंदीवर शौकीन मंडळी कुरकुरतात, आणि त्यांची बाजू अगदीच खोटी नाही. एका टँकमध्ये दहा-पंधरा किलो दगड. त्याने समुद्र कसा बुडणार? उलट ज्या मुलाने घरात विदूषक मासा पाळला, तो पुढे समुद्राबद्दल हळवा होतो. माझेच उदाहरण सांगतो. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. २०२० मध्ये त्याची दारे बंद झाली. शाळेच्या सहलीत मी तिथे गेलो होतो. समुद्राच्या काठी जन्मलेल्या मला समुद्राच्या आत काय असते ते पहिल्यांदा काचेतून दिसले. घरच्या टोपलीत मासा नेहमीच मेलेला पाहिला होता. तिथे तो वळताना पाहिला.

तरीही बंदी योग्य आहे, असेच माझे मत आहे. एका टँकचे पंधरा किलो हे गणित एका टँकपुरतेच खरे. प्रवाळाचा खडक वर्षाला काही मिलिमीटर, फार तर काही सेंटिमीटर वाढतो. पहार मात्र एका दुपारी पोते भरते. आणि आपल्याकडे हे धन आहेच किती? मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास थोडे, जिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. दूर समुद्रात कान्होजींच्या नावाची आंग्रिया बँक. आणि मुंबईच्या खडकांना चिकटून राहिलेले काही चिवट जीव. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीजवळच्या प्रवाळांच्या १८ वसाहती रीतसर परवानगी घेऊन दुसरीकडे हलवण्यात आल्या, तेव्हा निम्म्या मुंबईला कळले की आपल्याकडे प्रवाळ आहेत.

शिवाय अडते कुठे? फ्लोरिडात बंदीनंतर लोकांनी खाणीतला चुनखडीचा दगड भाडेपट्ट्याने घेतलेल्या समुद्रतळावर टाकला, वर्ष-दोन वर्षे थांबले आणि जीव लागलेला दगड बाहेर काढून विकला. सिमेंट आणि शिंपल्यांचा चुरा यांचे सच्छिद्र ढेकूळ घरीही पाडता येते. ते महिनाभर पाणी बदलत भिजवले आणि त्यात जिवाणू सोडले की दीड-दोन महिन्यांत तेच काम करू लागते. जांभळा रंग उशिरा येतो, एवढेच. विदूषक मासाही आता समुद्रातून पकडावा लागत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तो टाक्यांमध्ये वाढवण्याचे तंत्र बसवले आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या बायाबापड्यांना अशा जोडधंद्याचे शिक्षण कोणी दिले, तर सुकवलेल्या बोंबलाच्या जोडीला दोन पैसे येतील. सरकारने बंदी घातली ती पटकन. पर्यायाची वाट दाखवायला मात्र त्याला फुरसत होत नाही.

त्या रविवारी मी पुतण्याला किनाऱ्यावर नेलेच. आमचे खडक काळे, घट्ट बेसॉल्टचे. त्यांना कालवे चिकटतात, पण पोटात भोके नाहीत. त्याच्या कामाचे ते नव्हतेच. बादली रिकामी पाहून मी सुचवले, "दगड नाही तर पाणी तरी ने. समुद्राचेच पाणी लागते ना?" तो काही बोलला नाही.

इथे थोडे सांगायला हवे. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी प्रक्रियेनंतर वाहिनीने आमच्या नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुण घेऊन देशात पहिले आले. एवढे गुण आमच्या गावातल्या कुठल्या मुलाला मिळाले असते तर पेढे वाटले असते. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या वतीने अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली होती. ज्या सरंग्याला, म्हणजे पापलेटला, २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला, तो सातपाटीपासून वरच्या पट्ट्यातल्या जाळ्यांना पूर्वीसारखा लागत नाही, ही इथल्या प्रत्येक घरातली तक्रार. त्याला जाळ्यांचे बारीक आसही कारण आहेत, हे मच्छीमारांनाही ठाऊक आहे. सगळे खापर एका वाहिनीवर फोडून चालणार नाही. आणि वसाहत नको, असे तोंड वर करून मी तरी म्हणू शकत नाही. हा पुतण्या तिथल्याच एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. आमच्या घरातल्या दोन चुली त्या पगारावर पेटतात.

पण मग हिशेब एकच असावा. मूठभर सांगाडा बाळगणाऱ्याला तीन वर्षे, आणि ज्या पाण्यात हे जीव राहतात त्या पाण्याच्या बाबतीत तारखांवर तारखा? दीडशे लिटरच्या पेटीत अमोनियाचा आकडा जरा हलला तर माझा पुतण्या रात्री दोन वाजता उठून निम्मे पाणी बदलतो. समुद्राच्या पाण्याचा आकडाही तसाच, दर आठवड्याला, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहायला कोणाची हरकत असावी?

परतताना वाटेत शेजारच्या आजी सुके बोंबील उलटवत बसल्या होत्या. रिकामी बादली बघून त्यांनी हटकले, "काय रे, काही गावलं नाही?" त्याने सांगितले, दगड आता घरीच पाडणार आहे, आणि पाण्यासाठी मुंबईहून खास मिठाची पिशवी मागवली आहे, नळाचे पाणी गाळून त्यात ते मीठ कालवायचे. आजींचा हात थांबला.

"समुद्र दारात, आणि तू खारं पाणी करायला मीठ विकत आणतोस?"

त्याने बादली या हातातून त्या हातात घेतली. "आजी, इथलं पाणी टँकमध्ये घालायची माझी हिंमत नाही होत," तो म्हणाला, आणि मोटरसायकलला बादली अडकवू लागला.