ग्रामसभेला आईनेही जावे

ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा. वर्षातून निदान ४ ग्रामसभा घ्याव्या लागतात. गुरुजींनी सांगितले की, १०० मतदार किंवा एकूण मतदारांपैकी शेकडा १५, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसे सभेला हवीत. नसली तर सभा तहकूब होते.

आपले लासूर स्टेशन मोठे आहे. रेल्वे आहे, मोंढा आहे. मग १०० माणसे का जमू नयेत?

माझी आई म्हणते, "तिथं आम्हा बायांचं काय काम?" माझे मत निराळे आहे. पाणी बाया भरतात. नळ कुठं पाहिजे हे त्यांनाच जास्त ठाऊक. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असे कायदाच सांगतो. तिथे बायांनी न भिता बोलावे.

गावाचा विकास आराखडा ग्रामसभेपुढे ठेवतात. कोणते काम आधी, कोणते मागून, ते त्यात लिहितात. तेव्हा गप्प बसायचे आणि मग ओट्यावर बसून नावं ठेवायची, याचा काय उपयोग?

आपल्याच जिल्ह्यातल्या पाटोदा गावाचे बघा. कर भरणाऱ्याला दळण फुकट, असे तिथल्या ग्रामपंचायतीने केले. लोक कर भरू लागले अन् गाव नावाजले.

आम्हा मुलांना १८ वर्षे पुरी होईपर्यंत मत नाही. म्हणून पालकांनो, पुढच्या ग्रामसभेला दोघेही जा. शाळेच्या वाटेवर पावसाळ्यात चिखल होतो, तेवढं आमच्या वतीने सांगा.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी