वय गेलं तुझं

पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहून मी किती बोलले असेन कोण जाणे. त्यातलं बहुतेक मुलांनी त्याच दिवशी विसरून टाकलं, आणि एका अर्थी बरंच केलं. पण माझं एक वाक्य एका मुलीने ऐकलं आणि मानलं. आज त्या वाक्याबद्दल लिहायचं आहे.

साल १९८३. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एका व्यायामशाळेच्या मुलींनी प्रात्यक्षिकं केली. आधी दोरीचा मल्लखांब झाला, मग गाद्यांवर जिम्नॅस्टिक्स. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वय चौदा, वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून कायम शेवटच्या बाकावर आणि जरा पोक काढून बसणारी. "बाई, मला हे शिकायचंय. तुम्ही आमच्या आईला सांगाल का?" मी वह्या तपासत होते. मान वर न करताच म्हणाले, "अगं, हे पाचव्या-सहाव्या वर्षी सुरू करायचं असतं. आता वय गेलं तुझं. हाडं निबर झाली." ती "बरं बाई" म्हणाली आणि गेली.

२०१२ साली त्या तुकडीचं संमेलन झालं तेव्हा ती भेटली. चांगली नोकरी, दोन मुलं, सगळं छान. बोलता बोलता हसून म्हणाली, "बाई, तुमचं बरोबरच होतं म्हणा. पण एकदा उलटं उभं राहून बघायचं राहूनच गेलं." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर मला इतकं लागलं नसतं.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. आमची नात नववीत गेली आणि जूनमध्येच तिने जाहीर केलं की तिला जिम्नॅस्टिक्स शिकायचं आहे. लेक म्हणाली, "पुढच्या वर्षी दहावी आहे, आता हे काय नवीन?" जावईबापूंनी विचारलं, "दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतील का?" मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरात निवृत्त शिक्षिका असली की निकाल तिनेच द्यायचा असतो. आणि माझ्या तोंडाशी तेच जुनं वाक्य आलं! या वेळी मात्र मी ते गिळलं आणि दोन दिवस मागून घेतले.

त्या दोन दिवसांत पहिला प्रश्न मी स्वतःला विचारला, की हे 'वय गेलं' मला सांगितलं कुणी? मी काही व्यायामशास्त्र शिकले नव्हते. आठवत गेले तेव्हा सापडलं. १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या नादिया कोमानेचीला दहापैकी दहा गुण मिळाले. गुणफलकावर दहा दाखवायची सोयच नव्हती, म्हणून तिथे १.०० असा आकडा झळकला. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. वर्तमानपत्रातलं ते चिमुकल्या मुलीचं छायाचित्र माझ्या डोक्यात बसलं. चौदाव्या वर्षी जर सगळं मिळवून झालेलं असतं, तर चौदाव्या वर्षी सुरुवात कसली करायची? एवढाच माझा अभ्यास, आणि त्याच्या जोरावर मी एका मुलीला परत पाठवलं.

नादियाच्या आधीचा इतिहास मी पाहिलाच नव्हता. तो चांगल्या मोठ्या बायकांचा आहे. हंगेरीच्या अॅग्नेस केलेती यांनी १९५६ मध्ये मेलबर्नला सुवर्णपदकं घेतली तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. (त्या गेल्या जानेवारी २०२५ मध्ये, एकशे चार पूर्ण व्हायला थोडेच दिवस राहिले असताना.) चेकोस्लोव्हाकियाची व्हेरा चास्लाव्हस्का लहानपणी बर्फावरचं स्केटिंग करायची. जिम्नॅस्टिक्सकडे ती वळली पंधराव्या वर्षाच्या सुमारास, आणि १९६४ व १९६८ या दोन ऑलिंपिकांत मिळून तिने सात सुवर्णपदकं मिळवली. पुढे या खेळात फार लहान मुली येऊ लागल्या तेव्हा वयाची अटच वाढवावी लागली. १९९७ पासून ती सोळा वर्षं आहे. म्हणजे आज चौदा वर्षांची नादिया ऑलिंपिकमध्ये उतरूच शकली नसती.

आता कुणी म्हणेल, आजी नातीला चास्लाव्हस्का करायला निघाल्या. मुळीच नाही. व्हेराचं अंग स्केटिंगने आधीच तयार झालेलं होतं. आमच्या बाईसाहेबांना वाकून पायाच्या अंगठ्याला हात लावता येत नव्हता. आणि पदकाचंच गणित मांडायचं तर ते सहाव्या वर्षी सुरू करूनही सुटत नाही. आगरतळ्याच्या दीपा कर्माकरने सहाव्या वर्षी सुरुवात केली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये, तेविसाव्या वर्षी, ती चौथी आली. कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकलं. मग तिची सतरा वर्षं वाया गेली म्हणायचं का? गाणं शिकायला निघालेल्या मुलीला आपण 'आता भीमसेन जोशी होणार का' असं विचारत नाही. हा प्रश्न खेळाच्याच वाट्याला का येतो?

दोन दिवसांनी मी नातीबरोबर वर्ग बघायला गेले. सगळी मुलं सहा-सात वर्षांची आणि त्यांच्या रांगेत ही ताडमाड. पहिला आठवडा ती लाजेने लाल व्हायची. चिल्लीपिल्ली चेंडूसारखी कोलांट्या मारत पुढे जायची आणि हिची कोलांटी मध्येच कुशीवर कलंडायची. उंच शरीर फिरवायला ताकद जास्त लागते. शिवाय या वयात भीती कळायला लागलेली असते. पण एक गोष्ट मोठ्या मुलांच्या बाजूची असते, ती म्हणजे त्यांना कारण सांगितलेलं समजतं. खांदे का दाबायचे, पोट आत का धरायचं, हे ताईंनी एकदा सांगितलं की ही घरी येऊन भिंतीपाशी तेच करत बसते. लहानांना तेच वीसदा सांगावं लागतं.

मला सगळ्यांत आवडलं ते हे, की तिथे पहिल्यांदा पडायला शिकवतात. हनुवटी छातीला लावायची, हात ताठ करून मागे टेकायचा नाही, गोल होऊन पाठीवर लोळायचं. आम्ही शाळेत इतकी वर्षं चुकू नका, चुकू नका म्हणत राहिलो. चुकल्यावर काय करायचं हे आम्ही फारसं शिकवलं नाही.

काळजी घ्यायला हवी, नाही असं नाही. या वयात हाडं वाढत असतात. मनगट किंवा कंबर दुखली तर थांबायचं, दुखणं लपवायचं नाही. शिक्षक जाणकार हवेत, गाद्या जाड हव्यात. मोबाइलवर बघून घरच्या फरशीवर उलट्या उड्या मारणं हा शुद्ध वेडेपणा आहे. राहिला दहावीचा प्रश्न. आठवड्यातून तीन दिवस दीड तास खेळल्याने नापास झालेलं मूल माझ्या पाहण्यात नाही. पुस्तक उघडं ठेवून मन भलतीकडे असलेली मात्र पुष्कळ पाहिली.

तर मी होकार दिला. सवलतीच्या गुणांचं नाव कुणी पुन्हा काढलं नाही. आज वर्ष झालं. नातीला भिंतीच्या आधाराशिवाय हातांवर दहा-बारा सेकंद उभं राहता येतं. कार्टव्हीलमध्ये अजून गुडघे वाकतात. स्पर्धेचं नाव नाही. पण चालताना ती पाठ सरळ ठेवून चालते, आणि तिला बघताना मला दर वेळी शेवटच्या बाकावरची ती दुसरी पाठ आठवते.

मागच्या रविवारी न राहवून त्या विद्यार्थिनीला फोन केला. ती आता छप्पन वर्षांची आहे. म्हटलं, "तेव्हा मी चुकले गं. मला काही माहीत नसताना बोलले." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाई, आता जमेल का हो?"

मी म्हटलं, "ते डॉक्टरांना विचार आणि चांगल्या शिकवणाऱ्याला विचार. मला विचारू नकोस. मी एकदा सांगून बसले आहे."