विदर्भाच्या विजयाला दाखला कशाला?

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी करंडक खेळतो. पहिला करंडक हाती आला १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. मधली साठ वर्षं मोठ्या संघांच्या लेखी आम्ही म्हणजे सोपे गुण. एवढी वर्षं पेपरच्या कोपऱ्यात विदर्भाचा स्कोअर शोधणाऱ्यालाच त्या दिवसाची किंमत कळेल.

उपांत्य सामन्यात कर्नाटकला अवघ्या पाच धावांनी हरवलं, तेव्हा रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात सात बळी घेतले. अंतिम सामन्यात त्याने दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक केली, अक्षय वाडकरने १३३ धावा काढल्या. चंद्रकांत पंडितांसारखा कडक मास्तर प्रशिक्षक होता. कर्णधार होता नागपूरचा फैज फजल, त्या हंगामात ९१२ धावा करणारा. आणि विजयाच्या क्षणी खेळपट्टीवर उभा होता वसीम जाफर. दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं. मी आयुष्यभर ज्या संघाचा चाहता आहे, तो भारतात पहिला आला. इतका साधा, सरळ आनंद होता तो.

पण आपल्याकडे मुसलमानाचा आनंद साधा राहू देत नाहीत. क्रिकेट म्हटलं की त्याला एकच प्रश्न: भारत-पाकिस्तान मॅचमध्ये तुम्ही कोणाकडून? अरे बाबांनो, माणूस आधी आपल्या गावाकडून असतो, आपल्या जिल्ह्याकडून असतो. विदर्भ हरला की ज्याला जेवण गोड लागत नाही, त्याची निष्ठा तपासणारे तुम्ही कोण?

यावर आपले काही लोक काय करतात? फेब्रुवारी २०१९ मध्ये विदर्भाने इराणी करंडक जिंकला आणि बक्षिसाची रक्कम पुलवामाच्या शहिदांच्या कुटुंबांना दिली. ही घोषणा कर्णधार म्हणून फैजने केली. लगेच आपल्या मोहल्ल्यात मेसेज फिरतात: बघा, मुसलमान कर्णधार! हेतू नेक असेल, पण मला हे पटत नाही. तो निर्णय सगळ्या संघाचा होता. त्यातून एकट्या फैजचं नाव वेगळं काढून ते पुरावा म्हणून पुढे केलं, की समोरच्याचा पुरावा मागायचा हक्क आपण मान्य केला. शिवाय अकरा जणांच्या यादीत आपली नावं मोजणं ही सवयही वाईटच. गुरबानी आणि वाडकर आपले नाहीत का?

आणि असले दाखले उपयोगी तरी पडतात का? त्याच वसीम जाफरने २०२१ मध्ये उत्तराखंडच्या प्रशिक्षकपदाचा राजीनामा दिला, तेव्हा त्याच्यावर धर्माच्या आधारे पक्षपात केल्याचे आरोप झाले. भारतासाठी ३१ कसोटी खेळलेल्या माणसाला पत्रकारांसमोर बसून एकेक आरोप खोडून काढावा लागला. अनिल कुंबळे जाहीरपणे त्याच्या पाठीशी उभा राहिला, याची कदर आहे. पण इतक्या धावा केलेल्या माणसाला सफाई द्यावी लागते, तिथे आपल्या व्हॉट्सॲपवरच्या दाखल्याला कोण विचारतो?

फैजला न्याय मागायचाच असेल तर खेळाडू म्हणून मागा. २०१६ मध्ये झिंबाब्वेविरुद्ध एकच वनडे खेळला, नाबाद ५५ धावा केल्या, आणि पुन्हा कधी संधी मिळाली नाही. यावर नागपूरच्या प्रत्येक चाहत्याने बोलायला हवं. हा प्रश्न मोठ्या शहरांबाहेर खेळणाऱ्या सगळ्याच पोरांचा आहे, मग नाव फजल असो की वाडकर.

पुढच्याच हंगामात विदर्भाने करंडक राखला. २०२५ मध्ये तिसऱ्यांदा जिंकला, वाडकरच्या नेतृत्वाखाली. ना तेव्हा मी फैजसाठी टाळ्या वाजवल्या होत्या, ना आता फक्त वाडकरसाठी वाजवल्या. दोन्ही वेळा विदर्भासाठीच वाजवल्या. वर्गातली पोरं विचारतात, सर, तुमची टीम कोणती? मी विदर्भ सांगतो. त्यांना हे उत्तर पुरतं. मोठ्यांनाही पुरायला हवं.