हमखास भाड्याचे मृगजळ

‘विद्यार्थ्यांसाठी फ्लॅट घ्या, दरमहा हमखास भाडे मिळवा’ या जाहिरातींना पुण्यात आपले निवृत्त नोकरदार भुलत आहेत. २०२० च्या टाळेबंदीत महाविद्यालये बंद झाली, विद्यार्थी गावी गेले, खोल्या ओस पडल्या. कर्जाचे हप्ते पुढे ढकलता आले, व्याज मात्र चढतच राहिले.

२०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. भाड्याची हमी लेखी घ्या. पण हमी देणारी कंपनीच बुडाली, तर वसुली कोणाकडून?

आपल्यामागे वडिलोपार्जित जमीन नाही. भविष्यनिर्वाह निधी हीच शिकलेल्या पहिल्या पिढीची पुंजी. ती एका फ्लॅटच्या जुगारावर लावू नका, असे आमचे समाजबांधवांना स्पष्ट सांगणे आहे. आधी मुलांच्या शिक्षणाची तरतूद करा.