घरांतील विज्ञान : काचपेटींतील पाणवनस्पतींचा दिवा

दिवाणखान्यांत माशांची काचपेटी ठेवण्याची हौस शहरांतील पुष्कळ कुटुंबांत दिसून येते. तींत खऱ्या पाणवनस्पती लावल्या म्हणजे तिची शोभा दुणावते, हें खरें. परंतु महिना-दोन महिन्यांत पानांवर शेवाळाचीं पुटें चढतात, काचा हिरव्या होतात, आणि सर्व उत्साह मावळतो. अशा वेळीं प्रकाश कमी पडत असावा असें समजून पुष्कळ जण आणखी मोठा दिवा आणतात. रोग वाढतो तो येथेंच. दिवा निवडावयाचा तो डोळे दिपविणारा नव्हे, तर वनस्पतींना पचेल इतकाच.

यामागील तत्त्व जुनें आहे. पाण्यांत बुडविलेल्या पानांतून सूर्यप्रकाशांत प्राणवायूचे बुडबुडे निघतात व अंधारांत ते थांबतात, हें जान इंगेनहौस या डच वैद्यानें १७७९ सालीं दाखवून दिलें. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनीं हायड्रिला या तळ्यांतील वनस्पतीवर याच विषयाचे सूक्ष्म प्रयोग केले व १९२४ सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. मात्र प्रकाशाबरोबरच वनस्पतीला कार्बन डायऑक्साइड वायु व क्षारही लागतात. चूल कितीही धडधडून पेटविली तरी डब्यांत तांदूळ असतील तितकाच भात व्हावयाचा! वनस्पतींनीं न वापरलेला प्रकाश मग शेवाळाच्या पथ्यावर पडतो. शिवाय वनस्पती काय, शेवाळ काय, रात्रीं दोन्ही प्राणवायूच घेतात. म्हणून शेवाळानें भरलेल्या पेटींत पहाटे मासे पृष्ठभागीं येऊन धापा टाकतांना दिसतात.

आतां हिशेब पाहूं. हल्लींचे एल्.ई.डी. दिवे या कामीं उत्तम. ते वीज कमी खातात व पाणीही फारसें तापवीत नाहींत. विकत घेतांना वॅटपेक्षां ल्युमेनचा आंकडा पाहावा. ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद व ३० सें.मी. उंच पेटींत ५४ लिटर पाणी मावतें. खालची वाळू वजा जातां ५० लिटर धरावें. साध्या वनस्पतींना दर लिटरला ठोकळ मानानें १५ ते २५ ल्युमेन पुरतात. म्हणजे सुमारें १००० ल्युमेनचा, साधारण १० वॅटचा दिवा झाला. पेटी अधिक खोल असेल तर प्रकाश तळापर्यंत कमी पोंचतो, हें ध्यानांत ठेवून थोडा वाढवावा. दर लिटरला ४० ल्युमेनच्या वर जावयाचें तर नळकांड्यांतून कार्बन डायऑक्साइड सोडण्याची तयारी हवी.

प्रकाशाचा रंग ६५०० केल्विनच्या आसपासचा, दिवसाच्या उजेडासारखा पांढरा असावा. जांभळ्या दिव्यांत झाडें वाढतात, पण माशांचे खरे रंग दिसत नाहींत. दिव्याची लांबी पेटीइतकी असावी, म्हणजे कोपरे अंधारांत राहत नाहींत.

दिव्याआधीं झाडें ठरवावीं. जावा फर्न, अनुबियास व क्रिप्टोकोरिन हीं मंद उजेडांत संतोषानें राहतात. क्रिप्टोकोरिनच्या कांहीं जाती तर आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतल्याच. दक्षिण भारतांतील तांबड्या पानांची रोटाला मॅक्रांड्रा मात्र भरपूर प्रकाश मागते; नवशिक्यानें तिच्या मोहांत पडूं नये.

नवीन पेटीस प्रारंभीं ६ तास प्रकाश पुरे. झाडें रुजल्यावर तो ८ तासांपर्यंत न्यावा. ही वेळ रोज एकच असावी. त्यासाठीं दिवा आपोआप लावणारा व मालवणारा टायमर बसविणें उत्तम. खिडकीचें ऊन पेटीवर येऊं देऊं नये. त्याचें मोजमाप आपल्या हातीं राहत नाहीं.

शेवटीं एक सूचना, विशेषतः लहान मुलें असलेल्या घरांसाठीं. दिव्याची तार प्लगच्या पातळीखालीं झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळणारें पाणी प्लगमध्यें न शिरतां खालीं ठिबकेल. पाण्यांत हात घालण्यापूर्वीं पेटीच्या सर्व उपकरणांचे प्लग काढून ठेवावे.

पेटींत शेवाळ दिसूं लागलें तर दुकानाची वाट धरण्यापूर्वीं दिव्याचे दोन तास कमी करून पंधरा दिवस वाट पाहावी. या उपायास खर्च कांहींच नाहीं, आणि पुष्कळदां तेवढ्यानेंच काम भागतें.